शून्याखाली सोळा

मी एक जुना रक्तदाबमापक आहे, मित्रांनो. आंधळगावचे लोक मला 'पट्ट्याचा डबा' म्हणत. करडा पत्र्याचा डबा, आत काचेची उभी नळी, नळीत पारा, आणि हाताला गुंडाळायचा कापडी पट्टा. मी हजारो माणसांचा रक्तदाब खरा सांगितला. फक्त त्रेचाळीस दिवस खोटे बोललो. त्या त्रेचाळीस दिवसांची गोष्ट मला सांगायची आहे, कारण बाकीची वर्षे सांगण्यासारखी झाली ती त्यांच्यामुळेच.

माझा जन्म अंबाल्याच्या एका छोट्या कारखान्यात झाला. ज्या म्हाताऱ्या कारागिराने माझ्यात पारा भरला, तो फार चिकट माणूस होता. पारा शून्याच्या रेघेवर येऊन नीट उभा राहीपर्यंत त्याने मला हातावेगळे केले नाही. डोळा नळीच्या पातळीला आणून तो तीन तीनदा बघायचा. तेव्हा मला त्याचा राग यायचा. दीडशे, दोनशे असे मोठमोठे आकडे माझ्या अंगावर असताना हा बाबा शून्यापाशीच काय घुटमळतो, असे वाटायचे. तरुणपणी अक्कल कमीच असते.

एकोणीसशे सत्त्याहत्तर साली मी नागपूरला डॉ. निर्मलाबाई मेश्राम यांच्या टेबलावर आलो. त्या हृदयरोगावर संशोधन करत. त्यांचे माहेर लाखांदूरकडचे. त्या सातवीत असताना त्यांचे वडील धान कापता कापता बांधीतच, म्हणजे धानाच्या खाचरातच, कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत. वय अवघे सेहेचाळीस. गाव म्हणाले, बाहेरची हवा लागली. पुढे डॉक्टर झाल्यावर निर्मलाबाईंना मोठमोठ्या लोकांकडून दुसरेच ऐकायला मिळाले. रक्तदाब, हृदयविकार ही खाऊनपिऊन सुखी शहरी माणसांची दुखणी. अंगमेहनत करणाऱ्या खेडुताला ती होत नाहीत. बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मला पिशवीत घातले आणि साकोलीकडे जाणाऱ्या एस्टीत बसल्या. भंडाऱ्याला उतरून, दुसरी गाडी धरून आम्ही आंधळगावला पोहोचलो.

बेत साधा होता. आंधळगावातल्या आणि जवळच्या दोन टोल्यांवरच्या, म्हणजे वाड्यांवरच्या, हजार माणसांचा रक्तदाब उन्हाळ्यात एकदा आणि हिवाळ्यात एकदा मोजायचा. आकडा एकशेसाठच्या वर असेल त्याला गोळी सुरू करायची, खाली आला की बंद करून ती दुसऱ्याला द्यायची, कारण गोळ्या मोजक्याच होत्या. खेड्यातही हा रोग आहे हे आकड्यांनी दाखवून दिले, तर सरकारी दवाखान्याला कायमच्या गोळ्या मिळणार होत्या. नाही दाखवता आले, तर पुन्हा तेच, हवा लागली.

बाई शनिवारी यायच्या. बाकीचे दिवस मी यादोरावांच्या सायकलच्या कॅरिअरवर. यादोराव गावचेच, चाळिशीचे, कामाला वाघ आणि स्वभावाने लोण्याहून मऊ. बाईंनी त्यांना मोजायला शिकवले होते. ते कुणालाही नाही म्हणू शकत नसत, एवढा एकच दोष त्यांच्यात होता. त्याचीच किंमत पुढे मोजावी लागली.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात यादोरावांची थोरली बहीण मालनबाई हिचा आकडा एकशे अठ्ठ्याऐंशी निघाला. गोळी सुरू झाली. डोके दुखायचे थांबले, धाप कमी झाली. गावभर ती माझे कौतुक करत फिरली. मीही फुशारलो.

मग धानाची कापणी झाली, चुरणी म्हणजे मळणी झाली, धान साठवायच्या ढोल्या भरल्या. मित्रांनो, या भागात एक जुनी रीत होती. धान्याला किडा लागू नये म्हणून ढोलीत पारा ठेवायचा. लहानशा कुपीत घालायचा, कापसाने तोंड बंद करायचे आणि कुपी धानात पुरायची. डिसेंबरातल्या एका सकाळी मालनबाई भावाला म्हणाली, "यादो, बाजारचा पारा भेसळीचा राहते. तुह्या डब्यात डॉक्टरचा असली पारा हाय. थोडासा दे ना मले ढोलीसाठी."

यादोराव थोरल्या बहिणीला बाईच म्हणत. त्यांनी डोके खाजवले. "म्याडमले विचारा लागन, बाई."

"थोडुशा पाऱ्यासाठी कायले विचारतं? इतका मोठा डबा हाय. का होते त्याले?"

बहिणीपुढे त्यांचे काही चालले नाही. माझे झाकण उघडले, मला तिरपे केले, आणि इंजेक्शनच्या रिकाम्या कुपीत माझा पारा ओतला. मी हलका झालो. पारा शून्याच्या खाली उतरला. पण नळीचे बूड पत्र्याच्या चिमट्याआड असते, त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काहीच कळत नाही. फुगा दाबला की पारा पूर्वीसारखाच सरसर चढायचा. यादोरावांना वाटले, चला, काही बिघडले नाही.

बिघडले होते. प्रत्येकाचा आकडा मी पाचाने कमी सांगू लागलो.

मालनबाईच्या ढोलीत डॉक्टरचा पारा आहे हे कळायला आंधळगावात किती वेळ लागणार? आठवड्याने शेजारची शकुनबाई आली. एकीला दिला आणि दुसरीला नाही, हे यादोरावांना जमणारे नव्हते. आकडा दहाने कमी. मग पुष्पाबाई आली. सोळाने कमी.

त्या दिवसांत माझी काय अवस्था झाली, कशी सांगू? मी रोज आठ-दहा दारांत जायचो. लोक विश्वासाने हात पुढे करायचे. मी वर चढायचो आणि खोटे बोलायचो. दगडाला दगड आपटला तर आवाज तरी होतो, मला तोही करता येत नव्हता. वर चढायचे आणि खाली यायचे, एवढीच माझी भाषा.

जानेवारीच्या सुरुवातीला मालनबाईची पाळी आली. पट्टा गुंडाळला गेला. गोळीने उतरलेला तिचा खरा आकडा थंडीने पुन्हा एकशे बहात्तर झाला होता. मी दाखवले एकशे छप्पन्न. यादोरावांचा चेहरा खुलला. "बाई, बरी झाली तू. गोळी बंद." त्यांनी वहीत तशी नोंद केली. मालनबाईने आनंदाने लाखोरीच्या डाळीचे वडे तळले. भाऊ खात होता, बहीण वाढत होती, आणि मी बाजेवर उघडा पडून सगळे बघत होतो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

डिसेंबरच्या मध्यापासून बाई एकाही शनिवारी आल्या नव्हत्या. नागपुरात त्यांची कामे अडली होती. त्या आल्या त्या जानेवारी सरता सरता. शाळेच्या ओसरीवर बसून त्यांनी उन्हाळ्याची आणि हिवाळ्याची अशा दोन वह्या शेजारी शेजारी उघडल्या. एक पान उलटले, दुसरे उलटले. मग पेन्सिल खाली ठेवली.

"यादोराव, थंडीत रक्तदाब चढतो. इथं तर सगळं गाव उतरून राहिलं. काहून?"

"नवा तांदूळ हाय, म्याडम. मोकळी हवा हाय. लोकाइले मानवलं असन."

"नव्या तांदळानं एकटा दुकटा उतरेल. हजार माणसं एकदम कशी उतरतील?"

बाईंनी मला भिंतीच्या कडेवर ठेवले. गुडघ्यांवर बसून डोळा माझ्या नळीच्या पातळीला आणला, अगदी त्या अंबाल्याच्या म्हाताऱ्यासारखा. मग चिमटा सरकवला. पारा शून्याच्या सोळा खाली होता.

"पारा कुठं गेला?"

"सांडला असन, जी."

"सांडला असता तर आकडे एकदाच उतरले असते. हे तीनदा उतरले आहेत. तारखा बघा." त्यांचा आवाज चढला नाही. यादोराव ओसरीवर बसले आणि सगळे सांगून मोकळे झाले. ढोली, कुपी, बहीण, शेजारणी, सगळे.

बाईंनी एकच विचारले. "किती जणांच्या गोळ्या बंद केल्या तुम्ही?"

"अकरा."

"पहिलं नाव कोणाचं?"

यादोरावांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवले. बाईंनी मालनबाईचे नाव वाचले आणि मला उचलून चालू लागल्या. मागून यादोराव अनवाणीच धावले. त्यांच्या चपला ओसरीखालीच राहिल्या.

मालनबाई खाटेवर होती. सकाळपासून उजव्या हाताला मुंग्या येत होत्या, सूप धरता येत नव्हते. सून हाताला मोहाचे तेल चोळत होती. बाईंनी पट्टा डाव्या हाताला बांधला. पारा चढला, उतरला. मी म्हणालो, एकशे अठ्ठ्याण्णव. बाई पुटपुटल्या, "अधिक सोळा. दोनशे चौदा." खोटे किती हे कळले, की खोट्यातूनही खरे काढता येते, हे मी त्या दिवशी शिकलो. पण मला त्याचा आनंद झाला नाही. मालनबाईचे तोंड एका बाजूला ओढले जात होते.

रस्त्यावर तांदळाची पोती घेऊन भंडाऱ्याला निघालेला ट्रक उभा होता. पोत्यांवर चादर टाकून तिला निजवले. यादोराव तिचे डोके मांडीवर घेऊन बसले. ट्रक हलताना ते म्हणाले, "बाई, मीनं तुले मारलं." ती अडखळत म्हणाली, "पारा मीनंच मागितला. तू कायले रडतं?"

ती वाचली. उजवा हात मात्र कायमचा गेला.

त्याच संध्याकाळी शकुनबाई आणि पुष्पाबाईने आपल्या ढोल्यांत खांद्यापर्यंत हात घालून कुप्या शोधून काढल्या. मालनबाईच्या ढोलीतली तिच्या सुनेने काढली. बाईंनी त्यांना समजावून सांगितले, की पारा विषारी असतो, धान्यात तो ठेवायचा नसतो. तुम्हीही लक्षात ठेवा, मित्रांनो. मग कागदाला टाचणीने भोक पाडून त्यातून त्यांनी पारा गाळला आणि थेंब थेंब माझ्यात परत घातला. पारा शून्यावर येऊन उभा राहिला. मी पुन्हा माणसांत आलो.

उरलेल्या दहा जणांच्या गोळ्या दुसऱ्याच दिवशी सुरू झाल्या. बाईंनी त्रेचाळीस दिवसांची सगळी पाने आडवी रेघ मारून रद्द केली. अहवाल वर्षभर लांबला. यादोरावांना त्यांनी काढले नाही. म्हणाल्या, "आता तुम्हीच प्रत्येक दारी जा, काय झालं ते तुमच्या तोंडानं सांगा, आणि पुन्हा मोजा." ते तीनशेवर घरे फिरले. प्रत्येक दारात मान खाली घालून सांगत, मग गुडघ्यांवर बसून आधी शून्य बघत. त्र्याऐंशी साली अहवाल पूर्ण झाला. खेड्यातही तो रोग होता, आणि कमी नव्हता. सरकारी दवाखान्याला गोळ्या मिळू लागल्या.

आता एकोणनव्वद साल आहे. दवाखान्यात घड्याळासारख्या तबकडीचे नवे यंत्र आले आहे. मी कपाटात असतो, अंगावर धूळ, पट्टा उंदराने कुरतडलेला. मला त्याचे फार वाईट वाटत नाही. मित्रांनो, मला पुसले नाही तरी चालेल. पण मोजणाऱ्या कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवण्याआधी तिचे शून्य एकदा बघा. तिला स्वतःहून सांगता येत नाही.

महिन्यातून एकदा मला बाहेर काढतात, ते मालनबाईसाठी. नवे यंत्र तिला चालत नाही. तिला अक्षर येत नाही आणि आकडा एकच येतो. ती बाकावर बसते, मान वाकवून डोळा माझ्या नळीला लावते आणि पांढऱ्या झालेल्या केसांच्या आपल्या भावाला म्हणते, "यादो, आधी शून्य दाखव मले."

यादोराव चिमटा सरकवतात. ती नीट बघते, आणि मगच डावा हात पुढे करते.