पावण्याचा बोलका दंड

नवी मुंबईतल्या पावणे गावाच्या कारखान्यांमध्ये रविवारी चिटपाखरू नसतं, पण त्या एका गाळ्यासमोर जत्रा भरली होती. चपलांचा ढीग पार रस्त्यावर आलेला. पूर्वी तिथे प्लास्टिकच्या बरण्या बनत, आता मेलेली माणसं बोलत होती. प्रगती म्हणतात ती हीच!

आत पाटावर दंडनाथ महाराज बसलेले. हातात काळाभोर दंड, त्याला पितळी टोपण. भक्तानं समोर बसायचं, महाराजांनी ते टोपण त्याच्या कपाळावर टेकवायचं, की त्याच्या डोक्यात थेट मेलेला माणूस बोलायचा. डोक्यात हं! खेटून बसलेल्या बायकोलाही चकार शब्द ऐकू येत नसे. त्यात मागे दोन मोठे पंखे घरघरत होते, कारण आत्म्यांना म्हणे उकाडा सोसत नाही.

अट एकच होती. आत्म्याला वाट सापडावी म्हणून त्याच्या आवाजाचा तुकडा आधी द्यायचा. मोबाइलवरचा जुना निरोप चालेल, लग्नाचा व्हिडिओ चालेल. हितेश नावाचा सेवेकरी तो ‘नादशुद्धी’साठी पडद्यामागे न्यायचा. म्हणजे बघा, आवाज आपणच नेऊन द्यायचा आणि तोच परत मिळाला की ढसाढसा रडायचं.

“ही ब्रह्मनादाची फ्रिक्वेन्सी आहे, माउली!” महाराज सांगत होते. “परदेशातले सायंटिस्ट येऊन पाया पडून गेले.”

“कुठले सायंटिस्ट?” रांगेतून राजेश्वरीनं विचारलं.

“नाव सांगायची आज्ञा नाही.”

“राजे, गप ऱ्हा,” तिची आई बाळाबाई कुजबुजली.

बाळाबाईचे पाय सुजून टम्म झाले होते. तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, नाही तर अंगात पाणी साचणार. पण दंडातून तिचा नवरा बोलला होता, ‘दवाखान्यात जाऊ नकोस.’ मग काय! बाईनं दोन वेळा बुट्टी मारली आणि दवाखान्याऐवजी महाराजांचं नाद-जल घ्यायला लागली. डॉक्टर राजेश्वरीला स्पष्टच म्हणाले होते, “अजून एकदा चुकवलं तर पाणी फुप्फुसात चढेल. आईला सांभाळा.”

राजेश्वरीनं ते ऐकलं, मान हलवली आणि घरी येऊन भांडी घासली. आठ महिन्यांपूर्वी तिचे वडील, आबा, गेले तेव्हाही तिनं असंच केलं होतं. लोक म्हणाले, पोरगी खंबीर आहे हो. कसली खंबीर! दाढ काढण्याआधी इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तशी ती सगळीच्या सगळी बधिर झाली होती. चिमटा काढावा आणि दुसऱ्या कुणाला तरी लागावा, असं चाललं होतं तिचं.

तिचं कामच आवाजाचं. ती मोठमोठ्या ऑडिओ डॉक्युमेंटरी करायची. देशोदेशीचे प्रश्न आणि साध्या माणसांच्या गोष्टी, दोन्ही एकात. पाठीवर ओझं वाहणाऱ्या माणसांवर तिनं एक केली होती. लागोसचे हमाल, ढाक्याचे हमाल आणि वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधले माथाडी. त्या माथाड्यांत एक तिचे आबा, साताऱ्याकडचे ज्ञानू. ती डॉक्युमेंटरी लोकांनी खूप ऐकली. ऐकली नाही ती फक्त बाळाबाईनं. “जित्या माणसाचं काय ऐकायचं मोबाइलवर?” असं तेव्हा म्हणाली. आबा गेल्यावर तिला ती ऐकवेना. पण तीच तिनं महाराजांकडे मात्र पाठवली होती.

रांगेत पुढे, करावे नावाच्या गावचे म्हातारे धर्मराज बसले होते. त्यांचा मुलगा प्रितम अपघातात गेला. दंड टेकला तसे ते हुंदके देऊ लागले. “माजा पोर बोलला! जेवन करा बोलतो मना!” लोकांनी जयजयकार केला. धर्मराज उठले आणि डोळे पुसत भिंतीशी जाऊन बसले.

बाळाबाईची पाळी आली. दंड कपाळाला लागला आणि तिचा सुजलेला चेहरा असा उजळला की राजेश्वरीनं नजर दुसरीकडे वळवली. इतकी खूश आई तिनं आठ महिन्यांत पाहिली नव्हती. ही खुशी आता आपणच मोडायची, हे तिला माहीत होतं. वाईट वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

“महाराज, मलाही ऐकवा,” ती म्हणाली.

महाराज हसले. “अविश्वासूलाच आधी दर्शन! ये, बाळ.”

पितळ कपाळाला गार लागलं आणि कवटीच्या आत आबा बोलले. “बाळे... दवाखान्यात जाऊ नकोस... बरं हाय.”

आबांचाच आवाज होता तो, शंकाच नको. पण तिला काही झालं नाही. रडू आलं नाही म्हणून कानांना काम करायला मोकळीक मिळाली. आबांच्या शब्दांमागे, लांबून, कुणीतरी ओरडत होतं. “बाजू! बाजू!”

गर्दीतून हातगाडी काढताना माथाडी असेच ओरडतात. राजेश्वरीनं विचार केला, स्वर्गात कांद्याचा ट्रक कधीपासून खाली व्हायला लागला?

“महाराज, पुन्हा एकदा,” ती म्हणाली. टोपण पुन्हा टेकलं तसं तिनं दोन्ही हातांनी ते धरलं आणि सरळ खाली ओढून, शेजारी पडलेल्या तेलाच्या रिकाम्या डब्यावर दाबलं.

“ए! ए, काय करतेस!”

पत्र्याचा डबा थरथरला आणि मोठ्यानं बोलू लागला. “बाळे... दवाखान्यात जाऊ नकोस... बरं हाय.” मागून “बाजू! बाजू!” अख्ख्या गाळ्यानं ऐकलं.

आणि लोकांनी काय केलं म्हणता? हात जोडले! “डब्यात पण आले! जय दंडनाथ!” एका बाईनं तर डब्याला हळदीकुंकू वाहायला करंडा उघडला. आता बोला!

“बघ! म्हनत हुते न्हवं मी?” बाळाबाई म्हणाली.

“आई, मोबाइलवर पण येतात आबा. थांब.” एक हात दंडावर तसाच दाबून राजेश्वरीनं दुसऱ्या हातानं डॉक्युमेंटरी लावली, हवी ती जागा काढली आणि आवाज पूर्ण वाढवला. मागे तोच “बाजू! बाजू!”चा गलका. आबा म्हणत होते, “मुकादम म्हनायचा, दवाखान्यात जाऊ नकोस, रोज बुडंल. ऐकलं म्या त्येचं. गुडघा गेला त्यो गेलाच. ऐकाय नको हुतं.”

 बाळाबाई मोबाइलकडे सरकली.

“मधले तीन शब्द कापून घेतले,” राजेश्वरी म्हणाली. “‘बाळे’ म्हणून त्यांनी तुला पाणी आणायला हाक मारली होती, ती दुसरीकडून उचलली. ‘बरं हाय’ तिसरीकडून. मी रोज हेच काम करते, आई. मला जोडलेला टाका लगेच कळतो.”

पडद्यामागे हितेशची पाचावर धारण बसली असणार. बंद करायच्या नादात त्यानं भलतंच बटण दाबलं आणि डबा तरुण आवाजात म्हणाला, “पप्पा, ट्रॅफिकमदी हाय, तुमी जेवन करा.” मग पुन्हा तेच. मग पुन्हा.

धर्मराज भिंतीशी उभे राहिले. “यो तं माज्या मोबाइलवरचा निरोप हाय,” ते हळू म्हणाले. “मीच दिलता त्या हितेशला.”

महाराजांनी दंड हिसकावला आणि ते मागच्या दाराकडे निघाले. पण दारात गर्दी होती, आणि ती आता हात जोडून उभी नव्हती. दोन पोरांनी दंड काढून घेतला. टोपण फिरवलं तर आटे निघाले. आत वायर, बॅटरी आणि नाण्याएवढी एक चकती.

“हा स्पीकरच आहे,” राजेश्वरीनं चकती सगळ्यांना दाखवली. “कर्णा नाही, नुसती थरथर. पडद्यामागच्या मोबाइलवरून वाजतो. कपाळाला टेकला की थरथर हाडातून कानात जाते. शेजारच्याला ऐकू येत नाही, त्यात हे पंखे. विश्वास नका ठेवू माझ्यावर. कानात बोटं घाला आणि दात आपटा.”

सगळा गाळा कानात बोटं घालून दात आपटू लागला. म्हातारेकोतारे, शिकलेले, सोसायटीचे चेअरमनसुद्धा.

“आपले दात ऐकू आले? शेजारच्याचे दात ऐकू आले का? नाही ना? झालं तर. हेच आधी करून बघायला हवं होतं. आवाज आपल्या माणसाचा असेल, पण वदवून कोण घेतंय, ते विचारायचं. महाराजाला, मला, कुणालाही विचारायचं.”

कुणीतरी पोलिसांना फोन लावत होतं. धर्मराज चकती हातात घेऊन उलटसुलट बघत होते. राजेश्वरीला वाटलं, आई आता आपल्याला जवळ घेईल. छे! बाळाबाई उसळली.

“काय गरज हुती गं तुला? बोलत हुता की त्यो! कसा का आसंना, मला हाक मारत हुता!”

“तू मरशील, आई.”

“मरू दे की!”

“मला नाही चालणार,” राजेश्वरी म्हणाली. “आबा गेले तेव्हा मला काही झालंच नाही. तू गेलीस तर मी पुन्हा कधी नीट होणारच नाही. मला भीती वाटते.” आवाज सपाट होता, पण बोलली ती खरं.  बाळाबाईनं पदरानं तोंड पुसलं.

“रिक्षा बोलव,” ती म्हणाली.

वाशीच्या डायलिसिस सेंटरमध्ये सुया टोचल्या, मशीन सुरू झालं. बाळाबाई छताकडे बघत पडली होती.

“राजे, त्यो आता कुठंच न्हाई ना?”

“नाही, आई.” हे तिनं पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. आईचा हात हातात घेतला. तो गरम होता, आणि तिला तो गरम लागला.

शेजारच्या खाटेवर नवी बाई होती, रंजिता. सुईला घाबरून रडकुंडीला आलेली. बाळाबाईकडे वळून म्हणाली, “मावशी, पावण्यात कोणी महाराज आहेत म्हणे. दंड लावला की ही सुई सुटते. तुम्हाला पत्ता ठाऊक आहे का?”

बाळाबाईनं मोकळा हात लांब करून तिच्या खाटेची कड धरली.

“माझा मालक मेला, बाई. मेल्यालं मानूस बोलत न्हाई. त्या काठीत मशीन हाय, आन् आपल्याला जगीवनारं मशीन ह्ये हितं हाय. काय इचारायचं ते डाक्टरला इचार. तवर हात सरळ ठेव, म्हंजी दुखत न्हाई.”