पोचलो, हवा छान आहे

बंदरामागच्या गल्लीत चष्म्यांचं एक अरुंद दुकान होतं आणि ते चालवणाऱ्या बाईला सगळी गल्ली वहिनी म्हणायची. शाळेतली पोरं वहिनी म्हणायची, तिच्या वडिलांच्या वयाची माणसंही वहिनीच म्हणायची; तिनं हरकत घेणं केव्हाच सोडून दिलं होतं. नंबर तपासणं, काचा घासून फ्रेममध्ये बसवणं, कुणी अंगाखाली घेऊन झोपलेल्या चष्म्याच्या काड्या सरळ करणं, सगळं ती एकहाती करायची. नवरा लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत होता. "दिवसभर वरखाली करतो, पण वर काही जात नाही," असं तो स्वतःबद्दल सांगायचा, आणि ऐकणारा हसला नाही तर पुन्हा सांगायचा.

घरात तिसरं माणूस म्हणजे सासरे. मोठ्या बोटींना दोर लावून धक्क्याला ओढून आणणारी छोटी बोट असते, ती त्यांनी जन्मभर चालवली. पण खुब्याचं ऑपरेशन झालं आणि माणूस घराला धरून बसला. चालायचे ते भिंतीला हात लावत. वाकता येत नसे म्हणून सकाळी वहिनीच त्यांच्या पायांत मोजे चढवायची. दुपारी दुकान बंद करून चढ चढून घरी यायची, त्यांना जेवण गरम करून द्यायची, त्यांच्यासमोर बसून आपणही चार घास खायची आणि पुन्हा चढ उतरून दुकान गाठायची. कुठे बाहेरगावी जायचा विषय निघाला की ती म्हणायची, "बाबांचं कोण बघणार?" तिथंच विषय मिटायचा.

यंदा नवऱ्यानं तो मिटू दिला नाही. त्यानं थोरल्या बहिणीला गाठलं. ताई म्हणाल्या, "मी येऊन राहते आठवडाभर. बाबा माझेही बाबाच आहेत. जाऊ दे तिला डोंगरात, जरा थंड हवा लागू दे." झालं, तिकिटं निघाली. दुकानावर पाटी लागली. गल्लीनं वहिनीला लोकरीच्या टोप्या उसन्या दिल्या, न मागता सल्ले दिले.

आणि निघायच्या दिवशी स्टेशनवर कळलं की डोंगरात दरड कोसळली आहे, गाड्या बंद आहेत, किती दिवस ते सांगता येत नाही.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. थोड्या वेळानं म्हणाला, "चल, घरी जाऊ."

वहिनी बॅगेवर बसली होती ती उठली नाही. "घरी नको."

"मग?"

"घरी गेले तर कपडे बदलून तासाभरात दुकान उघडेन. मी मला चांगली ओळखते."

हे नवऱ्यालाही पटलं. मग तिनंच विचारलं, "अहो, पलीकडच्या किनाऱ्यावर ती हॉटेलं आहेत ना, समुद्राला लागून? आत कशी असतात हो?"

"लिफ्ट बरी असते," तो म्हणाला. "खोल्या मी कधी बघितल्या नाहीत."

असे ते दोघं बस धरून आपल्याच शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. काउंटरवरच्या तरुणीनं त्यांच्या बॅगांतून डोकावणारी लोकर बघून हसून विचारलं, "पहिल्यांदाच येताय आमच्या शहरात?"

वहिनी तोंड उघडणार तोच नवरा म्हणाला, "हो. पहिल्यांदाच."

मग काय, तिनं नकाशा पसरला आणि पेननं गोल करकरून काय काय बघायचं ते दाखवलं. शेवटी आवाज उतरवून म्हणाली, "बंदराकडे गेलात तर जरा जपून. तिकडचे दुकानदार परक्या माणसाला कापतात."

"चष्मेवाले पण?" वहिनीनं विचारलं.

"ते तर सगळ्यात पुढे."

खोलीत गेल्यावर नवरा पलंगावर पडून इतका हसला की तिनं त्याला उशी फेकून मारली. तेवढ्यात ताईंचा फोन आला.

"पोचलात?"

"पोचलो," नवरा म्हणाला. हे काही खोटं नव्हतं.

"हवा कशी आहे?"

त्यानं खिडकीबाहेर पाहिलं. समोर निळं पाणी चकाकत होतं. "छान आहे. ऊन पडलंय."

"आणि थंडी?"

"आम्हाला वाटली होती तितकी नाही."

दुसऱ्या दिवशी दोघांनी काठाकाठानं विकल्या जाणाऱ्या गवताच्या टोप्या घेतल्या आणि शहर दाखवणाऱ्या बोटीत जाऊन बसले. बोटीवर एक गाइड होता. त्याच्या हातात कर्णा होता आणि तोंडाला खळ नव्हता. टेकडीवरच्या एका मनोऱ्याकडे बोट करून त्यानं सांगितलं की, एका राजकन्येनं परदेशी गेलेल्या प्रियकराची वाट बघत तिथं उभं आयुष्य काढलं. लोक हळहळले.

"अगं, ती पाण्याची टाकी आहे," नवरा कुजबुजला. "मीच तिथं—"

वहिनीनं त्याला चिमटा काढला. "गप्प बसा. बघू दे मला राजकन्या."

बोट वळली आणि समोर त्यांचीच टेकडी आली. पांढरी, पिवळी घरं एकमेकांच्या खांद्यावर उभी असल्यासारखी. "हा शहराचा जुना भाग," गाइड म्हणाला. "इथली माणसं साधी, समाधानी. निवांत जगतात." शेजारच्या बाईनं कॅमेरा काढला. वहिनीनं आपलं घर शोधलं आणि तिला ते लगेच सापडलं, कारण ताईंनी सगळ्या दुलया काढून गॅलरीच्या कठड्यावर वाळत घातल्या होत्या. निवांत जगणाऱ्या माणसांच्या दुलयांचा फोटो निघाला.

पण वहिनी घराकडे बघत नव्हती. घरापासून खाली दुकानाच्या गल्लीपर्यंत जाणारा पायऱ्यांचा रस्ता बघत होती. टेकडीच्या अंगावर उभी शिडी ठेवावी तसा तो दिसत होता.

"अहो, हा एवढा चढ आहे?"

"तेवढाच आहे. तू रोज चढतेस की."

"मी चढते तेव्हा तो इतका नसतो," ती म्हणाली, आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत त्या पायऱ्यांकडेच बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला लवकर जाग येईना. वहिनी एकटीच खाली उतरली आणि वाळूतून चालत, खडकांचा एक कोपरा ओलांडून, पलीकडच्या छोट्या खाडीत गेली. तिथं पाणी उथळ आणि शांत होतं, आणि पाण्यात दहा-बारा म्हाताऱ्या माणसांची डोकी तरंगत होती. डोक्यांवर रंगीत टोप्या. कुणी पोहत होतं, बाकीचे नुसतेच पाण्यात उभं राहून गप्पा छाटत होते. तिला मजा वाटली. ती एका खडकावर बसली.

थोड्या वेळानं त्यातला एक म्हातारा बाहेर आला. लाल टोपी, ओली छाती, पाण्यातून सवयीनं टाकलेली पावलं. वाळूत काठी रोवून ठेवली होती ती त्यानं घेतली, बाकापाशी गेला, बसला आणि टॉवेल घेऊन खाली वाकला. अगदी सहज वाकला. पायाच्या बोटांच्या बेचक्या एकेक करून पुसल्या. मग पिशवीतून मोजे काढले आणि पायांत चढवले.

दुसऱ्यांचे डोळे तपासण्यात वहिनीची हयात गेली होती. आता तिनं स्वतःचे चोळले. मग उठली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा."

सासऱ्यांनी मान वर केली. तिच्याकडे पाहिलं, तिच्या डोक्यावरच्या गवताच्या टोपीकडे पाहिलं. बोटीवरची जुनी सवय होती, धक्का कितीही जवळ आला तरी गडबडायचं नाही.

"सूनबाई," ते शांतपणे म्हणाले, "तुम्ही डोंगरात होतात ना?"

"दरड कोसळली. आणि तुम्ही भिंतीला धरून होतात ना?"

"बस," ते म्हणाले आणि बाकावरची पिशवी सरकवली.

ती बसली नाही. "किती दिवस चाललंय हे?"

"झालं वर्ष. ऑपरेशननंतर व्यायाम शिकवायला ती पोरगी यायची, तिनंच सांगितलं की पाण्यात उतरा, पाणी वजन उचलतं. ही मंडळी गाडी करून येतात, मलाही चढाच्या वरच्या तोंडाशी घेतात. तू दुकानात असतेस तेव्हा जातो, तू यायच्या आत परत."

"आणि मी रोज सकाळी गुडघे टेकून मोजे घालते."

"मोज्यांचं माझं चुकलंच," ते म्हणाले. "वाकायला यायला लागलं तेव्हाच सांगायला हवं होतं. आज सांगू, उद्या सांगू करत राहून गेलं."

"पण का? बरं वाटतंय हे काय लपवायचं असतं? मी जीव टाकून धावत येते दुपारची. तुमचं अडतं म्हणून कुठे जात नाही."

तिचा आवाज चढला तशी पाण्यातली दोन डोकी इकडे वळली आणि समजूतदारपणे पुन्हा फिरली. सासरे काठीच्या मुठीवर हात ठेवून बसले होते.

"दुपारी येतेस तेव्हा तू बसतेस," ते म्हणाले. "दिवसभरात तेवढीच. खातेस तेवढ्यात. ऑपरेशनच्या आधी तू दुकानातच उभ्या उभ्या काहीतरी चघळायचीस, मला ठाऊक आहे, मी बंदरातून येताजाता बघत होतो. मी बरा झालो म्हटलं असतं तर तोही तास दुकानानं खाल्ला असता."

वहिनीनं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"हे झालं तुझ्या वाटचं," ते पुढे म्हणाले. "माझ्या वाटचं असं की मला तुझ्याशी गप्पा मारायला आवडतं. पोरगा संध्याकाळी येतो तो एकच विनोद घेऊन येतो."

तिला हसायचं नव्हतं. पण आलं हसू, आणि मग ती बसली. राग गेला नव्हता, नुसता बसला होता तिच्याबरोबर.

दोघं हॉटेलात आले तेव्हा नवरा नाश्त्याच्या टेबलाशी पावाला लोणी लावत होता. वडिलांना ओल्या केसांनी दारातून येताना पाहून त्याच्या हातातली सुरी तशीच राहिली. काउंटरवरची तरुणी लगबगीनं पुढे आली. "आजोबा, तुम्हीही बाहेरून आलात का?"

"छे," सासरे म्हणाले. "मी इथलाच. हे माझे पाहुणे आहेत."

वहिनीनं नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यानं दोनदा "बाबा?" म्हटलं, आणि तिसऱ्यांदा म्हणणार तोच टेबलावरचा फोन वाजला. ताई होत्या. त्यानं घाबरून स्पीकर लावला.

"कसे आहात? काय करताय?"

"नाश्ता," तो म्हणाला. "बाबा काय करतायत?"

ताई म्हणाल्या, "बाबा ना? पडलेत जरा. आत्ताच डोळा लागलाय."

सासऱ्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि पावाची बशी आपल्याकडे ओढली.

"उठवू नकोस," नवरा कसाबसा म्हणाला.

"नाही, मी जवळच बसलेय त्यांच्या. तुम्ही अगदी काळजी करू नका."

फोन बंद झाल्यावर वहिनीनं रुमाल तोंडावर धरला. "ताईंनाही माहीत आहे तर."

"परवाच तिनं पकडलं मला, टोपी वाळत घालताना," सासरे म्हणाले. "शपथ घातली तिला. आता तुम्ही घरी यायची घाई करू नका. पैसे भरलेत ना? राहा. मी उद्याही येणार आहे."

उरलेले दिवस तसेच गेले. सकाळी खाडी, दुपारी सावली, संध्याकाळी किनाऱ्यावरून लांबच लांब फेरी. वहिनीला पोहता येत नव्हतं. समुद्राकाठी जन्मून, समुद्राकाठी लग्न होऊन, गुडघ्याच्या वर ती कधी पाण्यात गेली नव्हती. वेळच झाला नव्हता. शेवटच्या दिवशी सासऱ्यांनी तिला उताणं तरंगायला शिकवलं. पाठीखाली एक हात धरून ते म्हणत राहिले, "मान सोड. अंग सोड. तू काही करू नकोस, पाणी करतंय." बराच वेळ तिला ते जमेना, कारण काहीच न करणं तिला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. मग कधीतरी कानांत पाणी गेलं, बाहेरचे आवाज बुजले आणि वर नुसतं आभाळ राहिलं. सासऱ्यांचा हात काढून झाला होता ते तिला नंतर कळलं.

घरी परतल्यावर ताईंनी दारातच विचारलं, "कसे होते डोंगर?" नवऱ्यानं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी सुनेकडे, आणि वहिनीनं सगळं सांगून टाकलं. ताई ऐकत ऐकत खुर्चीत बसल्या.

"म्हणजे तुम्ही तिघं रोज समुद्रावर," त्या म्हणाल्या, "आणि मी एकटी इथे दार लावून, बाबा झोपलेत म्हणून शेजाऱ्यांना चपला वाजवू नका सांगत बसले होते?"

त्यांना आधी राग आला, मग इतकं हसू आलं की पाणी आणून द्यावं लागलं. पुढच्या सुट्टीत मला त्याच हॉटेलात खोली हवी, समुद्राकडची, असं त्यांनी भावाकडून कबूल करून घेतलं.

मोजे आता ज्याचे तो घालतो. दुपारी वहिनी घरी जात नाही. सासरेच काठी टेकत, मध्ये दोनदा थांबत, पायऱ्या उतरून दुकानात येतात. डबा तेच आणतात. शटर अर्धं खाली ओढून दोघं मागच्या बाकावर बसतात आणि जेवतात. एखादं गिऱ्हाईक वाकून आत बघतं, घाईत असतं, चष्मा तुटलेला असतो.

"वहिनी आहेत का?"

"आहे ना," सासरे आतून सांगतात. "पण जेवतेय. अर्ध्या तासानं या, नाहीतर या आत, तुम्हीही बसा."

बरेच जण बसतात.