वेगळा ठेवलेला पेला

खिडकीच्या चौकटीत ठोकलेला खिळा.
गुळाच्या ढेपेचा फुटका कोपरा.
गोठ्यातली रिकामी दावण.
दोरीवर वाळणारा फौजी मफलर.
आजोबांच्या उशीला लागून नऊ वर्षांच्या नातीची उशी.

मी एक जुना स्टीलचा पेला आहे, मित्रांनो. या पाचही गोष्टी मी एकाच खोलीच्या कोनाड्यातून, काही उघड्या दारातून, पाहिल्या.

कराडच्या भांड्यांच्या दुकानात माझ्यावर नाव घातलं गेलं आणि मी लालासाहेबांच्या लग्नात आहेर म्हणून आलो. ते पलटणीतून सुट्टीवर आले की पहिला चहा माझ्यातच. "ह्यो पेला लय भाग्याचा," असं म्हणत. निवृत्त होऊन ते पाटणजवळच्या गावी ऊस बघू लागले.

दिवाळीनंतर खोकला आला. अंग वाळू लागलं. तहान एवढी लागे की दिवसातून वीस वेळा मला भरावं लागे. तहानेचं कारण कुणी विचारलं नाही.

मनुबाईंनी, त्यांच्या पत्नीने, मला वेगळं काढलं. "ह्या पेल्याला कुणी हात लावायचा न्हाई. उष्ट्यातनं लागतं."

लालासाहेब हसले. "पलटणीत चहाचा मग वेगळा, घरात पेला वेगळा. आता सलामी तेवढी द्या!"

"आवं, चेष्टा पुरे. दूध प्या."

दुधात घरच्या उसाचा गूळ असे, मुठीएवढा. "लय गोड हाय गं," ते म्हणत. "गोडानं ताकद येती," मनुबाई म्हणत.

खिडकी मात्र मनुबाईंनी खिळा मारून बंद केली. गार वारं नको, हे एक कारण. दुसरं, धाकट्या लेकीचं, स्वप्नालीचं, लग्न जमवायचं होतं. खोकला शेजारी ऐकू गेला तर स्थळ परत जाईल. त्या बंद खोलीत नात प्रांजल आजोबांना बिलगून झोपे. तिचे आईवडील पुण्याला कामाला होते.

खासगी दवाखाने, औषधांच्या बाटल्या, छातीचे फोटो. त्यात म्हैस विकली गेली. मग दूधही विकत आणावं लागे.

एके सकाळी माझ्या काठाला रक्त लागलं. तेव्हा कुठे सरकारी दवाखाना. पाण्यासाठी मनुबाईंनी मलाही पिशवीत घेतलं होतं.

थुंकीत टीबी निघाला. साखर चारशेच्या वर.

"साखर वाढली की अंगातली ताकद जाते, टीबीला फावतं," डॉक्टरीण म्हणाल्या. "खायला काय देत होता?"

मनुबाईंनी सांगितलं.

"झोपायचे कुठं?"

"एकाच खोलीत. पन पेला वेगळा ठिवलाय, बाई. धुते बी मीच."

डॉक्टरिणीने पेन खाली ठेवलं. "पेल्यातून नाही पसरत हो. हवेतून पसरतो. मुलीला उद्या घेऊन या."

गोळ्या फुकट होत्या, पण उशीर झाला होता. गोळ्या सुरू झाल्यापासून अठराव्या दिवशी लालासाहेब गेले. प्रांजलच्या मानेवर गाठ दिसली होती. तपासणीत टीबीच निघाला. ती आता सकाळी गोळ्या घेते आणि ओकते. मनुबाई परत परत विचारतात, "बरी व्हईल न्हवं?" डॉक्टरीण म्हणतात, एकही दिवस चुकवू नका.

स्वप्नालीने पकडीने खिळा उपटला. मनुबाईंनी मला परसातल्या उकिरड्यावर फेकलं. मी इथूनच बोलतो आहे.

मित्रांनो, गुळाचं दूध मीच पाजलं, तो दोष मी घेतो. पण भांडी वेगळी करून माणसं वाचत नाहीत. खिडकी उघडा. खोकला दोन आठवडे टिकला तर थुंकी तपासा, त्याच दिवशी साखरही. लहानांना सोबत न्या. लाज धरू नका.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी घरोघर आरोग्याची चौकशी करणाऱ्या आशाताई आमच्या दारात आल्या होत्या. "घरात कुणाला बरेच दिवस खोकला हाय का?" त्यांनी विचारलं होतं. मनुबाई म्हणाल्या होत्या, "आमच्यात न्हाई कुणाला." आत लालासाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.