सतरावा वाफा

नयनला कच्छच्या रणात जायचं होतं. तंबू-उंटांची जत्रा बघायला नव्हे, तर जिथं जायला रस्त्यालाही कंटाळा येतो तिथं. हे कळल्यावर त्याच्या आजोबाने, म्हणजे माझ्या दोस्ताने, विश्रामने, गाडीत दोन जागा मागितल्या. एक स्वतःला, एक सखुवहिनींना.

कारण आमच्या अख्ख्या बाळकुम गावाला ठाऊक. विश्रामचा थोरला भाऊ नाथा त्रेचाळीस वर्षांपूर्वी रणातल्या मिठागरावर कामाला गेला, तो गेलाच. ना पत्र, ना प्रेत. त्याची बायको सखुबाई अजून कुंकू लावते. नवरा आहे की नाही, मरण्याआधी तेवढंच तिला कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी आम्ही चौघं विश्रामच्या अकराव्या मजल्यावरच्या घरी बेत आखायला बसलो. मी जाणार नव्हतो. न मागता सल्ले द्यायला आलेलो. डांबर कुठं संपतं, पाणी किती घ्यायचं, टायर किती, सगळं ठरलं. मग नयनने लॅपटॉपवर वरून काढलेला रणाचा फोटो उघडला आणि विश्रामच्या हातातला कप तिथेच थांबला.

रणात मिठाचे वाफे चौकोनी असतात. हे तिकोनी होते. तिकोनी वाफा फक्त विश्रामचं घराणं घालायचं: घरात कुणी वारलं की त्याच्या नावाने एक. त्यातलं मीठ कुणी उचलत नसे.

विश्रामने मोजले. सोळा. नाथा गेल्यापासून घरातली माणसंही सोळाच वारलेली, गेल्या वर्षी शहाडला वारलेली धाकटी बहीण माया धरून. तिकडे हे कळवलं कुणी?

सखुबाईचा चेहरा उजळला. "जिता हाय तो," ती म्हणाली. "मेलेला मानूस दुसऱ्याचा वाफा कशाला घालील?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण खोड जात नाही. कडेला आणखी एक दिसतोय, म्हणालो.

नयनने फोटो मोठा केला. सतरावा. बाकीचे पांढरेफट्ट, याच्यात मात्र अजून पाणी चमकत होतं. फोटो परवाचा. आणि घरात सतरावं माणूस अजून वारलेलं नव्हतं.

विश्रामने लॅपटॉप मिटला. कुणी कुठं जायचं नाही, म्हणाला. नयन म्हणाला, फोटोतच काहीतरी गडबड असेल.

सखुबाईने लॅपटॉप पुन्हा उघडायला लावला. त्या पाण्यावर बोट ठेवून तिने मला विचारलं, "भावजी, याचं मीठ पिकाया किती दिस लागतील?"

"दोन-तीन महिने तरी, वहिनी."

जन्मभर थापा मारल्या, पण इतकी वाईट थाप कधी मारली नव्हती; एवढ्याशा पाण्याचं मीठ आठ-दहा दिवसांतच धरतं. आणि ती ऐकणारी बाई तीस वर्षं मिठागरात राबलेली.

तिने मान डोलावली. मग नयनला म्हणाली, गाडी आजच काढ.