बाशाचा दिवस

"आई, तुमच्या नावाच्या सणाच्या खूप खूप शुभेच्छा!" इलोनाने गुच्छ पुढे केला आणि ट्रुडा अशी काही फिस्सकन हसली की तिच्या ताटलीतला खसखशीचा केक थेट टेबलाखाली.

"नावाचा सण! ऐकलंस का गं बाशे, सुनेला सासूचा वाढदिवससुद्धा ठाऊक नाही! अगं पोरी, आज अठ्ठावन्न पुरी झाली ही. माझ्यापेक्षा अडीच महिन्यांनी धाकटी, पण मान ठेवेल तर शपथ."

"मान ठेवण्यासारखं काहीतरी करून दाखव आधी," बाशा म्हणाली आणि केकचा दुसरा तुकडा कापायला लागली.

इलोनाचे गाल लाल झाले. वॉर्सॉजवळच्या खेड्यातून लग्न होऊन या खाणीच्या गावात येऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते, आणि शेजारीण ट्रुडा तिची रोज एकदा तरी फिरकी घ्यायचीच. बाहेर पहाटेपासून खाणकामगारांचा बँड वाजत होता. चार डिसेंबर, संत बार्बराचा दिवस, म्हणून प्रत्येक बार्बराच्या, म्हणजेच बाशाच्याही, नावाचा सण. आणि संत बार्बरा म्हणजे खाणकामगारांची पाठराखीण.

"पण नावाचा सण आणि वाढदिवस एकाच दिवशी कसे?"

"त्या दिवशी जन्मली म्हणून तर बार्बरा नाव ठेवलं! एवढंही कळत नाही?" ट्रुडा म्हणाली.

इलोनानेही मग पदर खोचलाच म्हणायचा. "आमच्याकडे वाढदिवस कुणी विचारत नाही, मावशी. वाढदिवस काय, वासरालाही असतो. नाव मात्र माणसालाच."

"आमच्या खालच्यांच्या बोकडाचं नाव अलोइझ आहे. त्यालाही नेऊन दे एक गुच्छ!"

"खरंच सांगते. लहानपणी मला कुणी विचारलं, 'तुझा दिवस कधी गं?' की मी नावाच्या सणाचीच तारीख सांगायचे. केक तेव्हाच मिळायचा ना! जन्मतारीख मला शाळेत गेल्यावर कळली."

बाशाची सुरी केकमध्ये अर्ध्यावर थांबली.

खरं तर बाशाच्या आयुष्यात गोष्ट रचावी असं काही नव्हतं. एकतीस वर्षं ती खाणीच्या दिवाघरात होती. खाली उतरणाऱ्याच्या हातात दिवा द्यायचा, वर आल्यावर परत घ्यायचा. पाळी संपल्यावर एखादी खुंटी रिकामी राहिली, की कोण वर आलं नाही ते सगळ्यात आधी तिला कळायचं. नवरा चांगला होता, वारला. मुलगा चांगला आहे, घोरतो. बस्स.

फक्त एक खोड होती. स्टेशन असो, दवाखाना असो, ती अनोळखी माणसांचे कान न्याहाळायची. तिचे स्वतःचे कान होते सुपासारखे, बाहेर आलेले. ते कुठून आले, हा प्रश्न तिला चार वर्षांची असल्यापासून पडला होता. चव्वेचाळीस सालच्या शरदात, उठाव मोडून काढल्यावर जर्मनांनी वॉर्सॉतून सगळ्या माणसांना हाकलून बाहेर काढलं, त्या लोंढ्यात एकटं सापडलेलं मूल ती. नाव बाशा, म्हणजे बार्बरा. आडनाव? ठाऊक नाही. पुढे इकडच्या अनाथालयात सिस्टरने विचारलं, "तुझा दिवस कधी असतो, बाळ?" आणि ही ठसक्यात म्हणाली, "संत निकोलस खाऊ घेऊन येतो ना, त्याच्या दोन दिवस आधी!" सिस्टरने बोटांवर हिशेब केला आणि लिहिलं: जन्म, चार डिसेंबर १९४०. इकडे तर सगळे वाढदिवसच करतात. शंका येणार कुणाला?

त्या तारखेवर बाशाने दोनदा युद्धात हरवलेल्यांच्या शोध कचेरीला लिहिलं होतं. दोन्ही वेळा उत्तर एकच. या तारखेची नोंद नाही.

"ट्रुडे," बाशा हळूच म्हणाली, "मी त्यांना केकची तारीख सांगितली गं."

पुढच्या मंगळवारी सासू-सून वॉर्सॉच्या शोध कचेरीत हजर! तिथल्या कारकून रोगाल्स्काबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तारीख काढून टाकली तर हातात काय उरतं, बाई? नुसत्या बार्बरा! या देशात बटाटे कमी नि बार्बरा जास्त."

"मग चाळा की. मी डबा घेऊन आलेय."

रोगाल्स्काबाईंना हसू आलं, आणि हसू आलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं. चाळीस सालचा जन्म, वॉर्सॉबाहेर ताटातूट, असं गाळत गाळत दुपारपर्यंत त्रेचाळीस कार्डं उरली.

"तुम्हाला स्वतःला काय आठवतं?"

"बांधलेलं आठवतं."

"सैनिकांनी?"

"छे! मऊ होतं काहीतरी. मी पळाले की ताणायचं, आणि मला परत मागे ओढायचं. मला मज्जा वाटायची."

रोगाल्स्काबाईंचा हात कार्डांवर भराभर फिरला आणि एका पिवळ्या कार्डावर थबकला. त्यांनी चष्मा खाली ओढला आणि वाचायला सुरुवात केली.

"बार्बरा मादेय. जन्म, एकोणीस जुलै १९४०. अर्जदार, भाऊ झेनोन मादेय, तेव्हा वय अकरा. 'आई उठावात मारली गेली. बहीण हरवू नये म्हणून मी तिला माझ्या पँटच्या गॅलिसने कमरेला बांधलं होतं. तिला तहान लागली म्हणून पाणी आणायला गेलो. दोन मिनिटांसाठीच सोडलं. कान मोठे आहेत, माझ्यासारखे.'"

बाशाचे दोन्ही हात आपोआप कानांवर गेले.

"जुलै!" इलोना ओरडलीच. "आई, म्हणजे तुम्ही ट्रुडामावशीपेक्षा मोठ्या!"

"आता बघतेच तिला," बाशा म्हणाली. हसता हसता तिला धाप लागली. "मादेय. बार्बरा मादेय. चांगलं वाटतं गं ऐकायला! आणि हा झेनोन, तो कुठे असतो? लांब का? आजच जाता येईल?"

रोगाल्स्काबाईंनी कार्ड उलटलं. मागे वेगवेगळ्या शाईत एकाखाली एक वर्षं लिहिली होती. सेहेचाळीस, बावन्न, एकोणसाठ, अडुसष्ट, चौऱ्याहत्तर, त्र्याऐंशी, एक्क्याण्णव. दर वेळी एकच शेरा, शोध चालू ठेवावा. शेवटची ओळ बाईंनी आधी मनात वाचली.

"पंच्याण्णव सालची नोंद आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "अर्जदार वारले. कळवणारी त्यांची मुलगी, राहणार प्वोत्स्क. तिने लिहिलंय, शोध बंद करू नये, असं वडील सांगून गेलेत."

इलोनाने सासूच्या पाठीवर हात ठेवला. बाशा कार्डाकडे बघत राहिली.

"ते मधलं," ती अखेर म्हणाली, "परत वाचता का?"

बाईंनी वाचलं. तहान लागली म्हणून. दोन मिनिटांसाठीच.

बाशाचे ओठ कोरडे पडले होते. रोगाल्स्काबाई लगबगीने उठल्या.

"थांबा हं, पाणी आणते तुमच्यासाठी. आत्ता आले."

बाशाने टेबलावरून वाकून त्यांची बाही दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"नको," ती म्हणाली. "तहान नाही मला. तुम्ही बसा. इथेच बसा."

रोगाल्स्काबाई बसल्या.