मी शंभराचा, भिंत दोनशेवीसची

मी एक जुना स्टिरिओ आहे, मित्रांनो, आणि खरं सांगायचं तर फार दमलो आहे. माझं वजन चौदा किलो. पुढून पाहाल तर अॅल्युमिनियमची चकचकीत पट्टी आणि पाच गोल बटणं, मागून पाहाल तर धूळ, झुरळांची अंडी आणि वायरींचा गुंता. आजूबाजूला माझे दोन लाकडी स्पीकर उभे असतात. त्यातल्या डावीकडच्याचा घसा पावसाळ्यात बसतो.

माझा जन्म जपानचा. तिथल्या माणसांनी मला वीस वर्षं वापरलं आणि एक दिवस कचऱ्यात ठेवून दिलं. मग मी बोटीतून व्हिएतनामला, सायगॉनला आलो. बाजारात आम्हा सगळ्यांचा ढीग होता आणि आम्हाला किलोवर विकत होते. तोआन नावाच्या एका सुताराने मला उचललं, सायकलला बांधलं आणि गल्लीतल्या आपल्या चिंचोळ्या घरी आणलं.

माझी प्रकृती नाजूक. जपानी घरात वीज शंभर व्होल्टची, इथल्या भिंतीत दोनशे वीस. म्हणून तोआनने माझ्यासाठी एक जड ट्रान्सफॉर्मर आणला. त्याला दोन तोंडं होती, एक शंभराचं आणि एक दोनशेवीसचं. शंभराच्या तोंडाभोवती त्याने लाल रंग फासला. तो मला दर महिन्याला उघडून ब्रशने साफ करायचा. त्याची बायको हान्ह शेजारी टॉर्च धरून बसायची आणि कुरकुरायची, "माझ्या पाठीला कधी एवढं तेल लावलं नाहीत!"

ते सुखाचे दिवस होते. संध्याकाळी तोआन एकच कॅसेट लावायचा. नदीकाठच्या मुलखातलं एक लांबलचक, रडवेलं गाणं होतं ते. शेजारी वैतागायचे, पण बंद करा असं कोणी म्हणत नसे.

मग तोआन गेला. त्याचा फोटो माझ्या शेजारच्या कपाटावरच्या देव्हाऱ्यात लागला. कॅसेट लावायच्या यंत्राचा रबरी पट्टा विरघळला आणि कॅसेटचा चोथा झाला. सहा वर्षं मी मुका होतो. माझ्या डोक्यावर औषधाच्या बाटल्या, विजेची बिलं आणि एकदा तर आख्खा फणस ठेवला होता.

या वर्षी तोआनच्या श्राद्धाच्या आठवडाभर आधी सून दिएप म्हणाली, "मा, हा डबा देऊन टाकू या ना. भंगारवाली रोज गल्लीतून ओरडत जाते. त्या जागेत फ्रिज बसेल."

हान्ह आजी म्हणाली, "श्राद्धाला ह्यांना त्यांचं गाणं ऐकू दे. वाजला नाही तर खुशाल द्या."

माझं भवितव्य असं ठरलं. मुलाला, विन्हला, ते गाणं फोनवर सापडलं. फोनमधलं गाणं माझ्यापर्यंत वाऱ्यावरून यावं म्हणून त्याने साबणाच्या वडीएवढी एक वायरलेस डबी आणली. श्राद्धाच्या सकाळी त्याने मला भिंतीपासून ओढलं, डबीच्या लाल-पांढऱ्या वायरी माझ्या पाठीत खुपसल्या आणि गाणं लावलं. मी असा फाटक्या आवाजात ओरडलो की मांजर पळालं.

"ते ग्रामोफोनच्या तबकडीचं तोंड आहे," आजी खुर्चीतून म्हणाली. "त्यात सगळं फाटतं. शेजारचं लाव."

"मा, तू बस गं. हे वायरलेस आहे. तुला नाही कळायचं."

पाऊण तास घाम गाळून त्याने शेवटी शेजारच्याच भोकात वायरी घातल्या आणि "जमलं बघ मला!" म्हणाला.

मागे प्लगची गर्दी झाली होती, म्हणून विन्हने मी, डबी आणि देव्हाऱ्यातले दोन विजेचे दिवे असे सगळे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले. बोर्डाचा प्लग त्याने आठवणीने शंभरात लावला. तिथे तो चुकला नाही.

देव्हाऱ्यापुढे ताटं मांडली. नारळपाण्यात शिजवलेलं डुकराचं मांस, अंडी, कारल्याचं सूप, भात. आजीने उदबत्ती लावली. ती जळून संपेपर्यंत गेलेला माणूस जेवतो आणि तोवर घरात कोणी घास घेत नाही. विन्हने गाणं लावलं. सहा वर्षांनी माझा गळा मोकळा झाला.

तेवढ्यात दिएपचं लक्ष दिव्यांकडे गेलं. शंभरावर ते अगदीच मिणमिणत होते.

"अगं बाई, वर्षातून एकदा ते जेवायला येतात आणि त्यांच्यापुढे हा अंधार?" असं म्हणत तिने बोर्डाचा प्लग काढून दोनशेवीसच्या तोंडात घातला. मनात भक्ती होती, तिला दोष कसा देऊ? दिवे लख्ख पेटले आणि माझ्या पोटात फट्‌ झालं.

गाणं तुटलं. दिएप रडू लागली. विन्ह म्हणाला, "जाऊ दे, म्हातारा झालाच होता तो. जेवणं झाली की भंगारवालीला हाक मारू."

आजीने उदबत्तीकडे पाहिलं. अर्धी उरली होती.

ती उठली. देव्हाऱ्याखालच्या खणातून तिने चहाचा एक डबा काढला. त्यात तोआनचा स्क्रू-ड्रायव्हर होता आणि कागदात गुंडाळलेले काचेचे फ्यूज. "टॉर्च धर," ती मुलाला म्हणाली. तिने माझी पाठ उघडली, काळा पडलेला फ्यूज काढला, नवा बसवला. प्रत्येक स्क्रू तिला ठाऊक होता.

"मा, तुला हे येतं?"

"तीस वर्षं टॉर्च कोणी धरला? तुम्ही कधी विचारलंत?"

तिने मला लाल तोंडात लावलं आणि दिवे वेगळे दोनशेवीसवर. गाणं पुन्हा सुरू झालं तेव्हा उदबत्ती बोटभर राहिली होती. गाणं लांब, उदबत्ती लहान. अर्ध्यातच राख पडली. दिएप ताटं उचलायला वाकली, तसा आजीने तिचा हात धरला. तिने दुसरी उदबत्ती पेटवली आणि फोटोला म्हणाली, "बसा हो. गाणं संपवूनच जा."

भंगारवाली गल्लीतून ओरडत गेली. तिला कोणी हाक मारली नाही.

मित्रांनो, मला आता फार वाजवत नाही हो. पण माझ्यावर फणस ठेवू नका, मला अधूनमधून पुसा, आणि टाकून देण्याआधी घरातल्या म्हातारीला एकदा विचारा.