फरा कशाला जोडलेला असतो

"एक हाड कमी हाय, डॉक्टरसाहेब."

निलंग्याच्या गुरांच्या दवाखान्यामागं पत्र्याखाली तिथला पट्टीबंधक रामकिशन उकिडवा बसला होता. समोर गोणपाटावर एका देवणी बैलाची हाडं. प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी.

चिठ्ठी: नळी, पुढची डावी.
चिठ्ठी: पुढचा गुडघा. लहान हाडं सहा.
चिठ्ठी: फरा. खांद्याचं हाड, पसरट, सुपासारखं.

"कुठलं हाड?" मन्मथ डॉक्टरांनी विचारलं. ते वयानं लहान, नोकरीत नवे.

"फरा बरगडीला जिथं जोडतात, तिथलं. दोन्ही बाजूचं न्हाई. सोडा टाकून उकळलं तेव्हा गेलं का कुत्र्यानं नेलं, कळंना. तीन दिवस उकिरडा चाळायलोय."

डॉक्टर हसणार होते. रामकिशनची राखेनं भरलेली नखं पाहून हसले नाहीत.

*

दवाखान्याच्या पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' पुसून 'जिल्हा लातूर' रंगवलं होतं. रंग ओला वाटावा इतका नवा. गुरांचा हौद मात्र दोन वर्षं कोरडा. नव्या जिल्ह्यात प्रशिक्षण वर्ग निघणार होता, त्यासाठी सांगाडा हवा, असं पत्र आलं होतं.

बैल गंगम्माचा. गाव तिला अव्वा म्हणायचं. बाशिंग्या नाव.

*

चैत्रात तो बसला तो उठलाच नाही. रामकिशननं पोटाखालून दोर घातले, सहा माणसं लावली. बैल उभा राहिला की पुढचे दोन्ही फरे पाठीच्या वर यायचे आणि मधलं धड खाली जायचं.

"फरा निखळला," रामकिशन म्हणाला होता. बावीस वर्षं तो हेच सांगत आला होता.

"बसव की मग जाग्यावर, कंपोंडरबाबा. माणसाचा बसवतेत," गंगम्मा म्हणाली.

त्यानं दाबलं, ओढलं. बैल ओरडलासुद्धा नाही. तिसऱ्या दिवशी मेला.

हाडं नेणारा ट्रक फाट्यावर उभा होता. गंगम्मानं बैल त्याला दिला नाही.

"तू न्हे. जिवंतपणी उभा केला न्हाईस, आता तरी कर. पोळ्याच्या खांदमळणीला येते मी बघायला."

"करतो, अव्वा."

*

त्या दिवशी घरी भामाबाई, त्याची बायको, ताट पुढं सरकवून म्हणाली, "मामंजींनी छप्पन्न साली मेलेली ढोरं ओढणं सोडलं. तुम्ही पगारावर धरलं."

"बाप ओढत होता. मी उभं करायलोय."

"बघू."

*

पोळा चार दिवसांवर.

"इकडं ये," डॉक्टर म्हणाले. गुरं अडकवायच्या खोड्यात एक गाय होती. त्यांनी रामकिशनचा हात धरून तिच्या फऱ्यामागं ठेवला. "पाय हलव तिचा. काय लागतंय?"

फरा बोटांखाली सरकला. पुढं, मागं. पाण्यात पाट सरकावा तसा.

"आपल्याला इथं हाड असतं." डॉक्टरांनी स्वतःच्या गळ्याखाली बोट लावलं. "बैलाला नसतं. फरा धडाला हाडानं कुठंच जोडलेला नाही, रामकिशन. आतून बरगड्यांना पंख्यासारखं मांस असतं. दोन फऱ्यांच्या मधी त्या मांसाच्या झोळीत छाती टांगलेली असते."

"नुसती मांसावर?"

"नुसती मांसावर."

"मग नांगर?"

"तोपण."

"उसाची गाडी?"

डॉक्टरांनी गायीचा पाय पुन्हा पुढंमागं केला.

रामकिशननं हात काढला नाही. आत काहीतरी ताणत होतं, सैल होत होतं. बावीस वर्षं या खांद्यांची गळवं त्यानं धुतली, बांधली. चार बोटं आत हे चाललं होतं.

"म्हंजी बाशिंग्याचा फरा... निखळायला तिथं काही नव्हतंच."

"झोळी झिजली. चारा नव्हता."

"अन् मी वरून दाबत राहिलो."

गायीनं शेपटी मारली.

*

चिठ्ठी: (कोरी. ही त्यानं कशालाच बांधली नाही. खिशात ठेवली.)

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी, बैलांचे खांदे मळायच्या वेळी, उन्हं उतरताना गंगम्मा आली. पदराखाली वाटीत लोणी-हळद. सांगाडा चार पायांवर उभा होता. फरे दोन बारीक लोखंडी पट्ट्यांनी धरलेले, बरगड्यांपासून सुटे. फटीतून पलीकडची भिंत दिसत होती.

"हे लोखंड कशाचं?"

"मांसाच्या जागी. इथं हाड नसतंय, अव्वा. मी... मला ठाव नव्हतं तेव्हा. उगं दाबलं."

गंगम्मानं त्याच्याकडं पाहिलं. मग बैलाकडं.

"लई उंच होता का रे हा? बघ की. बसलेलाच ध्यानात राहिला."

तिनं हाताला लोणी-हळद घेतली. रामकिशन पट्टी धरून उभा राहिला, हाड हलू नये म्हणून. तिनं हात उचलला आणि मळायला लागली. वर, खाली, मानेकडून पाठीकडं. सावकाश, वजन टाकून, जिवंत खांदा मळावा तसा. पुटपुटली, आज आवतण घे, उद्या जेवायला ये.

वाटी संपली तेव्हा त्यानं खाली पाहिलं. फरशीवर पिवळे थेंब होते. हाडाला हळद कुठंच लागली नव्हती. तिचा हात सगळा वेळ हाडापासून चार बोटं दूर फिरला होता, जिथं कातडी असायची तिथून.